दुवाभाई

दारात पाय ठेवला की दुवाभाई आधी नमस्कार करायचा नाही, पाणी मागायचा नाही. चप्पल पायात तशीच, अन् पहिला सवाल, "काका, दुवा कुठं ठेवायचा?"

त्याचं खरं नाव वेगळं होतं. उदगीरच्या कल्हईवाल्याचा पोरगा. पहिल्यांदा आला तेव्हा माझी बायको कणीक मळत होती. तिनं सवाल ऐकला अन् म्हणाली, "दुवा व्हय? ठेव की डोक्यावर!" हा खरंच वाकला. तिनं पिठाचा हात त्याच्या केसांवर ठेवला. दिवसभर पोरगा पांढरं डोकं घेऊन लातुरात फिरला, पण झटकलं नाही. तेव्हापासून तो दुवाभाई.

त्याचा दुवा निराळा होता. भूकंपात घर गेल्यावर आम्ही दोघं लातूरला आलो, क्लासच्या पोरांसाठी मेस टाकली. पुढं क्लासवाल्यांनी होस्टेलचा अन् आमचा कम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम याला दिलं. हा डबा कुणाचा, ते पोरगं राहतं कुठं, ही जी गाठ असते तिला तो दुवा म्हणायचा. ती गाठ आमच्याकडं ठेवायची का होस्टेलकडं, याच्यावर तो चहा गार होईपर्यंत बोलायचा. मी म्हणायचो, "ठेव कुठं बी, लेका. पोरं जेवल्याशी कारण."

ते माझं चुकलं. जळकोटची एक पोरगी होती, तिला शेंगदाणा चालत नव्हता. खाल्ला की गळा सुजायचा. आमच्या कम्प्युटरात 'सात नंबरची खोली, बिनशेंगदाण्याचा डबा' असं होतं. पोरीनं खोली बदलली. होस्टेलला कळलं, आम्हाला कोण सांगणार? बिनशेंगदाण्याचा डबा सातलाच गेला, तिच्याकडं साधा. आपल्याकडं तर कूट नाही अशी भाजीच नाही. पोरीनं झाकण काढून वास घेतला अन् डबा परत पाठवला, म्हणून निभावलं. बायको त्या दिवशी जेवली नाही. दुवाभाईला म्हणाली, "माझ्या हातानं कुणाचं लेकरू जाणार असंल तर मी चूल विझवते. दोन्हीकडं लिव अन् मोकळा हो."

"काकू, दोन्हीकडं लिहिलं की दोघं बी म्हणतात, त्यानं बदललं असंल."

"मग होस्टेलकडंच ठेव," मी म्हणालो. "खोल्या त्यांच्या."

"खोल्या त्यांच्या, पण चटणी कुणाची? ज्याच्या हातून जीव जाईल, दुवा त्याच्याकडं. अन् तो खोलीला बांधायचाच नाही, काका. पोरीला बांधायचा. घर हलतं. तुम्हाला मी काय सांगू?"

भूकंप आम्ही बघितला अन् अक्कल हा शिकवायला लागला! पण खरं होतं. नवं गाव वसलं, तिथं आम्हाला बी घर मिळालं, तेव्हा माझी बहीण जुन्या गल्लीच्या नावानं आमचं घर शोधत फिरली होती. सापडलं ते माझं नाव घेतल्यावर.

त्यानं गाठ आमच्याकडं बांधली, पोरीच्या नावानं. तिनं पुन्हा खोली बदलली, होस्टेलच्या कम्प्युटरनं नवी खोली सांगितली अन् डबा बरोबर मागोमाग गेला. चूल काही विझली नाही. पोरगी शेवटपर्यंत आमच्याकडंच जेवली, भाजीला नावं ठेवत.

एक खोड मात्र मला पटायची नाही. परीक्षा होऊन पोरं गावी गेली तरी हा त्यांचे दुवे पुसायचा नाही. मी म्हणायचो, "कशाला हा कचरा?" तो म्हणायचा, "तिकडचं टोक सुटलं म्हणून आपलं कापायचं का, काका? कुणी विचारलं तर सांगता यावं, इथं अमुक होती."

मग तो हैदराबादला गेला. मेस चालली तोवर चालली. बायको गेली, अन् मी चूल विझवली.

कळल्यावर दुवाभाई आला. या वेळी चप्पल बाहेर काढली. सवाल न विचारता चुलीपाशी जाऊन बसला. मलाच राहवलं नाही. म्हणालो, "दुवाभाई, तिचा दुवा कुठं ठेवू रे?"

त्यानं माझ्यापुढं डोकं वाकवलं. केस खरेच पांढरे व्हायला लागले होते. मी हात ठेवला. हाताला पीठ नव्हतं, एवढंच.