घंटीच्या पुढं कुणी जायचं नाही

"बाई, मी काय बैल हाव?"

रेणुकाबाईंनी काठी हातभर लांब धरली होती, जणू तिच्यावर सरडा बसलाय. मुठीखाली सुतळीनं एक पितळी घंटी बांधलेली. बैलाच्या गळ्यातली, चांगली जाडजूड.

"बैल असत्या तर विचारलंच नसतं, गळ्यात बांधून मोकळी झाली असती," मनकर्णाबाई म्हणाल्या. "धरा. आज तुमी सगळ्यात म्होरं."

"मी? म्होरं?"

"तुमीच. घंटीच्या पुढं कुणी जायचं नाही. घंटी चालली की रांग चालली, घंटी थांबली की रांग थांबली. ऐकलं का सगळ्यांनी?"

मागं उभ्या बायकांनी माना हलवल्या. फक्त बयनाबाई पुटपुटल्या, "म्हंजे आज मुक्काम डोंगरातच." बयनाबाईंचा वांग्या-टमाट्यांचा मळा होता आणि आठवडी बाजारात ओरडून ओरडून त्यांचं पुटपुटणंसुद्धा रस्त्यापलीकडं ऐकू जायचं.

रेणुकाबाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आणि हे सारं कुठं चाललेलं? वनखात्याच्या बागेच्या फाटकाशी, सिमेंटच्या हरणासमोर. नेमकं त्याच हरणासमोर!

त्या हरणाची गोष्ट अशी. आदिलाबादकडच्या बेल्यात, मराठी बोलणाऱ्या गावात, सुधाकररावांचं किराणा दुकान. गल्ल्यावर ते, तराजूवर त्यांची बायको रेणुकाबाई. दिवाळी उरकली, कापसाची पहिली वेचणी झाली, की शाळेतल्या मनकर्णा मुनेश्वर बाई गावातल्या बायकांना टेम्पोत बसवून इचोड्यापलीकडच्या डोंगरात घेऊन जात. पायथ्याला ही बाग. झोके, घसरगुंडी, तेलुगू पाट्या आणि एक सिमेंटचं हरीण. बहुतेक लोक इथंच डबे उघडत, हरणाच्या पाठीवर पोरं बसवून फोटो काढत आणि घरी जात. मनकर्णाबाई इथून सुरुवात करत. आधी खडी चढण, मग सागाचं रान, मग पठार, आणि पठाराच्या टोकाला पाथरधार हा धबधबा. जाऊन आलेल्या बायका पुढं महिनाभर दुसरं बोलत नसत. "रेणुकाबाई, अर्धा किलो साखर द्या. अन् काय सांगू तुमाले, पाणी असं पडते, असं पडते का..." साखर तोलता तोलता रेणुकाबाई ऐकत. माणसानं ऐकावं तरी किती वर्षं?

दोन वर्षांमागं त्याही निघाल्या. पहिल्याच चढणीवर छातीचा भाता झाला. पुढच्या पुढं गेल्या, मागच्याही पुढं गेल्या. "जा तुमी, मी येतो हळूहळू," रेणुकाबाई म्हणाल्या, आणि हळूहळू खाली उतरून दिवसभर हरणाशेजारी बसून राहिल्या. संध्याकाळी परतलेल्या बायका एका शब्दानं काही बोलल्या नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

घरी सुधाकररावांनी मात्र विचारलं.

"पाह्यली का धार?"

"नाई."

"मंग काय पाह्यलं?"

"हरीण."

"पळालं का?"

तेव्हापासून दुकानात तो खेळच झाला. गिऱ्हाईक उभं असलं की सुधाकरराव सुरू. "आमच्या घरच्यायनं हरीण पाह्यलं बरं का. दिवसभर पाह्यलं. पळालंच नाई!" आज पहाटे निघतानाही पांघरुणातून आवाज आला होता, "हरणाले माहा रामराम सांगजो." चपलेत पाय घालता घालता रेणुकाबाईंनी मनाशी गाठ मारली होती. काही होवो, आज पाथरधार या दोन डोळ्यांनी पाहायची.

आणि आता हातात ही घंटी.

मनकर्णाबाईंवर चिडावं म्हटलं तरी चिडता येत नसे. बाई बेल्याच्याच शिवारातल्या. वडील भिवाजी सालगडी, आई कापूस वेचणारी. वेचताना कंबर सरळ करायला पोर उभी राहायची, तेव्हा आभाळाच्या कडेला एक निळी रेघ दिसायची.

"आई, तिथं काय हाय?"

"डोंगर."

"डोंगरात काय हाय?"

"आपलं काई नाई. येच कापूस."

पोर शिकली, मास्तरीण झाली, आणि नोकरी लागल्यावर शाळेतल्या दोघी शिक्षिकांना घेऊन आधी त्या निळ्या रेघेकडं गेली. वाटेत वनरक्षकानं अडवलं. "एक्कडिकम्मा?" कुठं निघालात? सरपणाला? नाही. मोहफुलं वेचायला? नाही. मग वर कुठला देव आहे का? देवही नाही.

"ऊरिके, चूडडानिकि," बाईंनी आपल्या तेलुगूत सांगितलं. उगीच. पाहायला.

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. बायका उगीच पाहायला आल्या, हे साहेबाला सांगू तरी कसं, असं त्याचं दुखणं. बाई म्हणाल्या, "आज एवढ्याच आल्या म्हणून सांगा. पुढच्या वर्षी जास्त येतील."

ते खरं करायला त्यांना घरोघर हिंडावं लागलं. बेल्यातली बाई उंबऱ्याबाहेर पडायची ती शेतासाठी, माहेरासाठी, दवाखान्यासाठी, नाहीतर देवासाठी. उगीच पाहायला कोण पाठवणार? सासवा विचारत, "तिथं जाऊन भेटते काय?" बाई सांगत, "काहीच नाही. म्हणून तर जायचं." काही घरांत त्यांना माजघरात बसवून चहा मिळे, काही घरांत ओसरीवरच बोलणं उरके. बाई दोन्हीकडं सारखंच हसत, आणि पुढल्या दिवाळीनंतर दोन्ही घरांच्या पायऱ्या पुन्हा चढत. अशा बाईनं हातात काठी दिली तर ती टाकून कशी द्यायची?

रेणुकाबाई निघाल्या.

निघाल्या म्हणजे सुटल्याच. मागं एवढ्या बायका, आणि पुढं आपण! पुढच्यानं पाय ओढत चाललं तर लोक काय म्हणतील? पदर खोचला, काठी आपटली. खणखण, खणखण, खणखण. झाडावरची वानरं दचकून वरच्या फांदीवर गेली.

"अवो रेणुकाबाई," मागून बयनाबाई ओरडल्या, "मांगं वाघ लागला काय?"

रेणुकाबाईंना ते फार गोड लागलं. आणखी जोर केला. मागच्या वेळी जिथून परत फिरल्या ते मोहाचं वाकडं झाड मागं पडलं. आता बोला म्हणावं सुधाकररावांनी! आणखी एक वळण, आणखी एक दगडी पायरी, आणि अचानक डोळ्यांपुढं काजवे चमकले. त्या वाटेच्या मधोमध मटकन बसल्या. घंटी गप्प झाली.

रांग थांबली.

श्वास जरा हाती लागल्यावर रेणुकाबाई म्हणाल्या, "जा तुमी. मी येतो हळूहळू."

तेच वाक्य. त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं.

कुणी हललं नाही. मनकर्णाबाई शेवटी चालत होत्या, त्या सगळ्यांना ओलांडून वर आल्या, चपला काढल्या, दगडावर बसल्या आणि पाण्याची बाटली पुढं केली. "घंटी बसली, रांग बसली. बसा गं सगळ्या."

"अन् उठलीच नाई त?" बयनाबाईंनी विचारलं.

"तर यंदाचा डोंगर इथपर्यंतच. ऊन कलायच्या आत धार गाठली नाही, तर मागं फिरायचं. सांजेला अस्वलं निघतात."

बायकांत कुजबुज झाली. कुणी नवऱ्याशी भांडून आली होती, कुणी वेचणीचा दिवस बुडवून. रेणुकाबाईंना ती कुजबुज उन्हासारखी पाठीवर जाणवली.

"बाई, माह्यापायी सगळ्यायचं काऊन बुडवून राह्यल्या? मी जातो न खाली. हरीण हाय तिथं सोबतीले." त्या हसायला गेल्या, पण मधेच आवाज चिरकला.

मनकर्णाबाईंनी ते हसण्यावारी नेलं नाही. काठी उचलून घंटीवरची धूळ पदरानं पुसली.

"माझे बाबा कापसाची गाडी हाकत आदिलाबादला न्यायचे. रात्रीच्या गाड्यांची रांग असायची. ज्या गाडीचा बैल थकलेला, ती गाडी बाबा सगळ्यात पुढं लावायचे. बाकीचे गाडीवान हसायचे. बाबा म्हणायचे, 'थकल्याले मांगं ठुवलं त तो हरवते. म्होरं ठुवलं त सारे संगं पोचते.' मागच्या खेपेला तुमी मागं होत्या, रेणुकाबाई. आपली रांगच उलटी लागली होती."

"अन् ही घंटी त्याच बैलाची?"

"त्याच्याच गळ्यातली. तुमच्या घरचाच बैल होता तो. बाबा तुमच्या सासऱ्यांकडंच होते ना सालानं. बैल मेला तेव्हा बापूजींनी ही बाबांना दिली. दुसरं काही दिल्याचं मला आठवत नाही, पण ही दिली."

बाई हे सरळ आवाजात बोलल्या, जसं वर्गात धडा वाचावा. रेणुकाबाईंची नजर घंटीवरच राहिली. बापूजींच्या तसबिरीला त्या रोज हार घालत. भिवाजी हे नाव मात्र सासरी त्यांनी एकदाच ऐकलं होतं, गोठ्यातल्या कोनाड्यात एक कानतुटका कप सापडला तेव्हा. 'भिवाजीचा असंल,' सासू म्हणाली होती, आणि तो तिथंच परत ठेवायला लावला होता.

रेणुकाबाई म्हणाल्या, "पण आज त मी म्होरंच होती न, बाई. तरी बसली."

"कारण तुमी पळाल्या. घंटी ऐकली का? कशी वाजत होती?"

"खणखण."

"बाबा गाडीत झोपून जायचे. बैल आपल्या चालीनं चालला की घंटी अशी वाजते, की गाडीवानाचा डोळा लागतो. आवाज बदलला की बाबा ताडकन उठायचे. तुमी अशा चाला, की मागं मला झोप आली पाहिजे."

"बाई झोपल्या त आमाले वाट कोन दाखवीन?" बयनाबाई म्हणाल्या.

"वाट पायाखाली आहे. तुमी तोंड मिटून चाललात तर तीही दिसंल."

बायका फिसकन हसल्या. बयनाबाईही हसल्या, पण जरा उशिरानं. रेणुकाबाईंनी काठी रोवली आणि उठल्या.

एक पाऊल. टण्. मग दुसरं. टण्. पुन्हा घाई झाली की घंटीच चहाडी करायची, खण् म्हणून. मग पाय आवरायचा. टण्... टण्... चढ होता तेवढाच होता, पण छाती आता घंटीच्या मागून यायला लागली. वाकडी वाट, सागाची सुपाएवढी पानं, उन्हात चमकणारं कोळ्याचं जाळं. वाळल्या चिखलात उमटलेला हरणाचा खूर. खऱ्या हरणाचा! रेणुकाबाई थांबल्या, वाकून पाहिलं. रांग थांबली, रांगेनंही वाकून पाहिलं. 

सागाचं रान संपता संपता मागून एक लांबलचक जांभई ऐकू आली.

"मेली झोपच येऊन राह्यली," बयनाबाई म्हणाल्या.

त्या दिवशी रेणुकाबाईंना मिळालेली ती पहिली शाबासकी.

पठारावर वारा अंगावर आला, आणि वाऱ्यातून आवाज. आधी वाटलं दूर ट्रक चाललाय. मग कळलं, हे पाणी आहे. समोर काळ्या खडकाचा एक कोपरा, त्याला वळसा घातला की धार. रेणुकाबाई कोपऱ्याशी पोचल्या आणि थांबल्या.

"आता काऊन थांबल्या?" बयनाबाई कळवळल्या. "दोन पावलं राह्यली न!"

"बाईले येऊ द्या."

निरोप रांगेतून मागं गेला. मनकर्णाबाई धावत आल्या. "काय झालं? पाय मुरगळला का?"

"काई नाई झालं. तुमी दर वर्साले सगळ्यायच्या शेवटी पाहता म्हणे."

"कुणीतरी मागं राहावं लागतं."

"आज नाई."

"नियम आहे. घंटीच्या पुढं कुणी जायचं नाही."

"म्होरं कोन म्हणते? बाजूले या." आणि रेणुकाबाईंनी काठीवरचा हात सरकवून बाईंसाठी मुठीपाशी जागा केली.

दोघींनी मिळून वळसा घातला.

साखर तोलताना ऐकलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. रुंद काळ्या दगडावरून पाणी पायरी पायरीनं उतरत होतं आणि शेवटच्या पायरीवरून एकदम स्वतःला झोकून देत होतं. खालून उडालेले तुषार तोंडावर येत होते. रेणुकाबाईंनी काठी हलवली. घंटी वाजली असावी, ऐकू आली नाही. त्या काहीतरी बोलल्या, तेही ऐकू आलं नाही. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला, आणि ओल्या तोंडानं नुसत्या उभ्या राहिल्या. उगीच. पाहत.

शेजारी मनकर्णाबाई पाण्याकडं पाहत होत्या. इतकी वर्षं येऊन त्यांनी धार बायकांच्या पाठींआडूनच पाहिली असावी, असं त्यांच्या चेहऱ्यावरून रेणुकाबाईंना वाटलं.

उतरून बागेत पोचल्या तेव्हा दिवेलागण होत होती. हरीण जागेवरच होतं. रेणुकाबाईंनी त्याच्या सिमेंटच्या मानेवर थाप मारली. "सुधाकररावायचा रामराम हाय तुले. राहा उभं."

टेम्पोत सगळ्या एकमेकींच्या खांद्यावर कलंडल्या. मनकर्णाबाई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या, तोंड जरासं उघडं. काठी रेणुकाबाईंच्या मांडीवर. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला घंटी हलकेच वाजत होती. टण्... टण्...

"मावशी," टेम्पो हाकणारा चंपत वळून म्हणाला, "ते घंटी बंद करा न. मले झोप येऊन राह्यली."

रेणुकाबाईंनी घंटीची जीभ धरायला हात नेला आणि तसाच मागं घेतला.

"नाई रे बाबा. आवाज थांबला त बाईची झोप मोडन," त्या हळूच म्हणाल्या. "तू इचोड्याले गाडी थांबव, माह्या पैशानं चहा पी, तोंडावर पाणी मार. पन हे वाजू दे."