आठाने भाग जायलाच हवा

आमच्या थोरल्या साडूंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या बेंगळुरात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर कृपा करा, त्या दोघांना एका खोलीत बसवू नका. अण्णा मूळचे निपाणीकडचे. हेब्बाळच्या एका कंपनीत संगणकाच्या कर्नलवर, म्हणजे पार तळाच्या कारभारावर, पाळत ठेवायचं काम करतात. कर्नल क्षणाक्षणाला काय करतो त्याच्या नोंदी मेमरीतल्या एका बफरमध्ये, म्हणजे ठरावीक मापाच्या जागेत, पडत असतात, आणि प्रत्येक नोंद आठाने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच सुरू व्हायला हवी. होते की नाही, ते तपासायचं. बस्स, एवढंच! पण एवढ्यापायी हा माणूस कुठे सुखाने टेकत नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप सुरू होईपर्यंत हे या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी पानं सरळ करत फिरणार. चिकपेटेत माझ्या बायकोला साडी घ्यायला गेलो, तर यांनी दुकानदाराची थप्पी उपसून कडेला कड जुळवून पुन्हा लावली. "सर, स्वल्प बसा ना," तो बिचारा काकुळतीला आला. अण्णा बसले, उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

त्यांची एकुलती एक लेक शिकायला जर्मनीला निघाली, नेमकं त्याच आठवड्यात यांना एक चूक सापडली. मोठ्या मशीनवर सगळं सुरळीत. पण लॅबमधल्या एका लहानशा बोर्डवर, म्हणजे तळहाताएवढ्या संगणकावर, बफर भरून पुन्हा पहिल्यापासून भरायला लागला, की एक नोंद चार घरं सरकायची आणि बोर्ड बंद पडायचा. साहेब म्हणाले, "असले बोर्ड आता वापरतं कोण?" अण्णा म्हणाले, "वापरत असेल की कोणीतरी! त्याला मी काय सांगू?"

निघायच्या दिवशी सकाळी "तासाभरात येतो" म्हणून गेले ते गेलेच. फोन उचलेनात. दुपारी मेव्हणीचा मला फोन: "आम्ही विमानतळावर निघालो. तुम्ही त्यांना उचलून आणा. पोरीला न भेटता राहिले तर जन्मभर माझं डोकं खातील!" मी लॅबमध्ये पोचलो, तर हे स्क्रीनसमोर उभे, एक पाय चपलेच्या बाहेर.

"अण्णा, विमान सुटेल!"

"हो की. एवढी फेरी संपू दे."

माझं टाळकंच सरकलं. "अहो, पोटची पोर चाललीय!"

ते चमकले. चाचणी तशीच अर्धवट टाकून निघाले. फ्लायओव्हरवर गाडी अडकली, तर दार उघडून पळायलाच निघाले. मी शर्ट धरून आत ओढलं.

दोघी गेटबाहेर उभ्या होत्या. "चुकलो ग बाळा, उशीर झाला," अण्णा म्हणाले.

लेक हसली. "नाही अप्पा, भरपूर वेळ आहे. मी सगळ्यांना मुद्दामच खऱ्यापेक्षा अलीकडची वेळ सांगितली होती. तुम्हाला तर मी नेहमीच तशी सांगते."

मेव्हणी तिच्यावर उखडली, मी हसलो. अण्णा हसले नाहीत. तिचा हात धरून बाकावर बसले, आणि ती आत जाईपर्यंत अजिबात हलले नाहीत. नंतर ऑफिसचा फोन वाजत राहिला, तोही घेतला नाही.

परतताना गाडीत म्हणाले, "तिच्या शाळेचं एकही गॅदरिंग माझं चुकलं नाही बघा, साडूभाऊ. मला वाटायचं, मी वेळेवर पोचतो."