बिनगाठीची पंचवीस पानं

भाईंच्या तेराव्याला मी त्यांच्या मनीप्लांटची पंचवीस पानं कापली. बावीस आलेल्या घरांना वाटली आणि तीन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटल्यांमध्ये ठेवली. प्रत्येक पान लांब देठासकट, ओल्या कापसात गुंडाळून, वर रबर लावून. "पाण्यात ठेवा, महिन्याभरात कोंब येईल," असं सगळ्यांना सांगत होतो आणि मनातून स्वतःवरच खूश होतो. मागे राहिलेली लांबलचक, टक्कल पडलेली वेल मुळासकट उपटली, मोडली आणि परसात तेराव्याचा भात शिजत होता त्या चुलीत सारली. ती काही केल्या पेटेना. नुसती सुसू करत फेस काढत राहिली. मी तिला दोन शिव्याही घातल्या. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो ही गोष्ट खरं तर इथे लपवायला हवी होती, पण त्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही.

भाई म्हणजे माझ्या बायकोचे, शुभाचे, थोरले भाऊ. ओरोसला सरकारी कचेरीत कारकून होते, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतरही तिथेच एक खोली घेऊन राहिले. कचेरीत ते लोकांशी शुद्ध मराठीत बोलत आणि घरी वेलीशी मालवणीत. तुपाच्या जुन्या डब्यात लावलेली ती वेल दोन हातांपेक्षा लांब त्यांनी कधी होऊ दिली नाही. पण भरली अशी होती की डबा दिसत नसे. महिन्यातून एका रविवारी शिंप्याची छोटी कात्री स्पिरिटने पुसून ते खिडकीशी बसत. वेलीला पानापानाशी एक गाठ असते. त्या गाठीच्या जरासं वर कापायचं, म्हणजे पंधरा दिवसांत तिच्या बगलेतून नवा फुटवा येतो. कापलेल्या तुकड्यातही एक तरी गाठ असायला हवी. तो तुकडा त्याच डब्यात खोचायचा, नाहीतर आलेल्या पाहुण्याच्या हातात द्यायचा. "कापल्याबगर ती भरूची नाय," ते म्हणत. आणि मग दर खेपेला माझ्याकडे वळून, "मास्तरांनू, पान सोडा, गाठ बघा. जीव गाठीत आसता." मी मान डोलवायचो. माझं सगळं लक्ष समोरच्या बशीतल्या खाज्यावर असायचं.

त्यांनी दिलेली वेल आमच्याकडे तीनदा मेली. एकदा मी तिच्यात उरलेला चहा ओतला, एकदा आम्ही गावाला गेलो, आणि तिसऱ्यांदा ती कधी मेली ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. दर वेळी मी चोरासारखं तोंड करून ओरोसला जायचो आणि भाई हसायचे. "मेली तर मेली. दुसरी न्हेवा." सगळ्या नातेवाइकांचं हेच होतं. वालावलची मावशी तर उघड म्हणायची, "मरांदे, भाई आसा न्हय." त्यामुळे भाईंच्या वेलीची वेल आज कुणाच्याच घरात नाही. जपायची गरज कुणालाच वाटली नव्हती...

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "घरी न्या, आवडेल ते खायला द्या." आम्ही त्यांना मालवणला आमच्याकडे आणलं. गाडीत ते मांडीवर डबा घेऊन बसले होते. डॉक्टर काय म्हणाले ते आम्ही त्यांना सांगितलं नाही. शुभा चमच्याने पेज भरवायची, चादरी बदलायची, कूस वळवायची. मी रोज शाळेतून आलो की "आज तोंडावर तरतरी दिसते" असं म्हणायचो. हातांना कंप सुटला आणि कात्री धरता येईना, तेव्हा त्यांनी कापायचं काम मला सांगितलं. मी ते केलं नाही. खरं सांगतो, आळस नव्हता. भाई दर आठवड्याला अंथरुणात आखडत चालले होते, आणि त्या खोलीत वाढणारं काहीतरी असावं असं मला वाटलं. भिंतीवर खिळे मारून मी वेल पुढे पुढे नेत राहिलो. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत. बुडाकडची पानं पिवळी होऊन गळली, मधली नुसती दोरी उरली आणि टोकाला तेवढा हिरवा घोस. "भाई, बघितलंत? दारापर्यंत पोचली," मी एकदा कौतुकाने म्हणालो.

"वाढत नाय ती, मास्तरांनू. पळता." मग उशाशी चाचपडत, "कातर खंय आसा?"

"उद्या कापतो," मी म्हणालो. असे पुष्कळ उद्या झाले. एका सकाळी शुभाच्या हातातला पेजेचा चमचा तसाच राहिला.

तेराव्यानंतर दीड महिन्याने नववीच्या... नाही, दहावीच्या वर्गात मी फळ्यावर पानफुटीचं चित्र काढत होतो. पानफुटीचं पान मातीवर टाकलं की त्याच्या कडेच्या खाचांतून रोपं फुटतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. तेराव्याला माझ्या डोक्यात हेच पान होतं. खाचेत कोंबाची कळी काढता काढता खडू थांबला. पानफुटीची कळी पानाच्या कडेला असते, मनीप्लांटची गाठीत... मधल्या सुट्टीत घरी आलो आणि तिन्ही बाटल्या उजेडात धरल्या. पानं लखलखीत हिरवी होती. एका देठाला तर दोऱ्यासारखी मुळंही आली होती. पण गाठ कुठेही नव्हती. अशी पानं महिनोन्‌महिने हिरवी राहतात, त्यांना कोंब कधीच येत नाही. ज्या टक्कल पडलेल्या दोरीवर हातभर अंतरात चार-पाच गाठी होत्या, जिचे तुकडे केले असते तर गावभर वेली झाल्या असत्या, ती मी चुलीत घातली होती. ओली होती म्हणूनच पेटत नव्हती.

त्याच संध्याकाळी वालावलच्या मावशीचा फोन आला. "मास्तर, पान अजून ताजां आसा. कोंब कदी येतलो?"

"येतलो, मावशी. जरा दम धरा," मी म्हणालो. तेव्हापासून असे बरेच फोन आले, आणि मी सगळ्यांना दम धरायला सांगतो आहे.

शुभाला मात्र सांगायचं धाडस होत नव्हतं. ती रोज सकाळी पहिला चहा ठेवायच्या आधी तिन्ही बाटल्यांतलं पाणी बदलते, पानांवरची धूळ ओल्या बोटाने पुसते. गेल्या रविवारी मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. गाठ, पानफुटी, चूल. ती वळली नाही. हातातली बाटली विसळत राहिली.

"माका ठावूक आसा," ती म्हणाली. "भाईन माका तुमच्या आदी शिकयल्यान. वेल चुलीत उकडलेली दिसली तेवाच समाजला."

"मग हे रोज पाणी कशाला बदलतेस?"

तिने बाटली भरली, पान आत सोडलं, आणि बाटली होती तिथेच परत ठेवली.

"हिरवी आसत तवसर बदलूचा," ती म्हणाली. "भाईचा तरी दुसरा काय केला आपण?"