सोनईजवळच्या चर्चमधली चाकांची जहाजं

गोव्यातल्या जुन्या चर्चच्या भिंतींवर कोरलेल्या जहाजांबद्दल मी इथे लिहिलं, तेव्हा एका वाचकाची प्रतिक्रिया आली: "आमच्या सोनईजवळच्या चर्चमध्येही जहाजं आहेत. लवकर या, सोमवारी गिलावा सुरू होतोय." नगर जिल्ह्यात जहाजं? मला हसूच आलं. तरी शनिवारी पहाटे निघाले.

पुण्याहून नगर, पुढे घोडेगाव, दोन्ही एसटीने. डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायची तयारी ठेवा. माझा तासभर गेला. घोडेगावहून सोनईला सीटवर रिक्षा मिळते, तीस रुपये. त्यापुढच्या गावाचं नाव मात्र लिहीत नाही, गावकऱ्यांनीच तशी विनंती केलीय.

चर्च दगडी, बसकं, वर पत्रा. किल्ली पंचाहत्तरी ओलांडलेल्या मार्थामावशींकडे असते. त्यांनी मला आतल्या भिंतीपाशी नेलं. चुन्यात खिळ्याने ओरखडलेली जहाजं होती. वर धुराडं, आणि खाली चक्क बैलगाडीची चाकं! मी फिसकन हसले.

मावशी हसल्या नाहीत. "पयल्या महायुद्धाला गावातले सातजन गेल्ते. निघायच्या आदल्या दिशी हरेकानं आपली आगबोट काढली. समुद्र कुनी बगितला हुता? गाडीला चाकं असत्यात, म्हून बोटीला बी काढली."

"आणि शेजारची, बिनचाकांची?"

"ती परत आल्यावर काढली. खरी बोट बगून आल्ते ना."

मी मोजली. चाकांची सात, बिनचाकांची सहा. मघाशी हसल्याची फार लाज वाटली.

"ती कोपऱ्यातली एकटी, माज्या आज्याची," मावशी म्हणाल्या. "फोटू न्हाई, कबर न्हाई. येवढंच हाय."

भिंतीला ओल धरलीय, पोपडे पडताहेत. गिलावा केला नाही तर भिंतच कोसळेल, हे मावशींनाही मान्य होतं. मी फोटो काढले, कागदावर छाप घेऊन देते म्हटलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि कनवटीचा खिळा काढून माझ्या हातात दिला.

"तू समुद्र बगितलाय. आज्याच्या बोटीशेजारी बिनचाकाची काढ. मंग बुजवू दे."

किल्ल्यांवर नावं कोरणाऱ्यांशी मी हमरीतुमरीवर येते. जुन्या भिंतीला ओरखडा काढणं माझ्या लेखी गुन्हाच. "मावशी, तुम्हीच काढा ना," मी म्हटलं.

"म्या कुटं बगितलीय बोट?"

रेघ वाकडी गेली, पण बोट काढली. मावशी बराच वेळ तिच्यावरून तळवा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "चल, भाकरी खाऊन जा." बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती.

पुण्याला परतून आठवडा झाला. मी केलं ते बरोबर की चूक, अजून ठरवता येत नाही. तुम्ही कुठेही असं करू नका, हे मात्र ठामपणे सांगेन. काल मावशींचा फोन आला.

"गिलावा झाला गं पोरी. सात गेल्ते, सातबी आले."