अर्ध्या गल्लीचा रस्ता

आमच्या गल्लीच्या मधोमध दोन प्रभागांची हद्द जाते. त्यामुळे समोरच्यांच्या नगरसेवकाने पालिकेकडून काँक्रीट करून घेतलं, ते बरोबर अर्ध्या गल्लीचं. ठेकेदाराच्या माणसांनी त्यावर मातीचे बुटके बांध घालून पाणी साठवलंय. ते आटू नये म्हणून समोरच्या नलूताई रोज सकाळी नळी धरून उभ्या असतात, तुळशीला घालावं तितक्या मायेने. चिमण्या त्यात आंघोळ करतात. मी आपल्या पायरीवर बसून बघते आणि हातातला चहा कडू होतो.

"अहो, कडेने फळी टाकलीय, आमच्या बाजूने या की!" नलूताई हाक मारतात. मी मुद्दाम आमच्याच खड्ड्यांतून जाते.

मोठ्या शहरांतले उड्डाणपूल पाहून माझ्या पोटात कधी दुखलं नाही. मत्सराला समोरासमोरची दारंच लागत असावीत. त्यात तो नवा रस्ता आमच्यापेक्षा चांगला चार बोटं उंच. नलूताईंचं सांडलेलं पाणी ओघळत येतं आणि नेमकं माझ्या पायरीशी साचतं.

काल आमच्याही नगरसेवकाने नारळ फोडला. नलूताई धावत आल्या. "बरं झालं बाई, आता गल्ली एकसारखी होईल," अगदी मनापासून म्हणाल्या. मी हसून त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. मग पालिकेच्या इंजिनिअरला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "अहो साहेब, आमचा त्यांच्यापेक्षा चार बोटं वर घेता येईल का?"