पाय न वाजवता

पुण्यात, वयाच्या पन्नाशीत, मी नव्याने चालायला शिकले. गुडघे कुरकुरायला लागले होते आणि रक्तदाबाने ताळ सोडला होता, म्हणून डॉक्टरांनी सजग चालण्याच्या वर्गाला घातलं. तिथल्या बाई सांगायच्या, आधी टाच, मग तळवा, मग बोटं. बोलायचं नाही. पायाखाली काय आहे ते पायालाच कळू द्यायचं. रोज सकाळी सोसायटीच्या बागेत आम्ही दहाबारा जणी हरवलेलं कानातलं शोधत असल्यासारख्या चालायचो. मला ते फार लवकर जमलं. बाई इतरांना म्हणायच्या, हिच्याकडे बघा जरा. मी मनात म्हणायचे, जमणारच, मी सिंदेवाहीकडची आहे, धानाच्या बांधांवरून शाळेत गेलेली.

त्या एप्रिलात माहेरी गेले ती हाच तोरा घेऊन. फाट्यावर एसटीतून उतरले आणि गावापर्यंतची वाट मुद्दाम चपला हातात घेऊन चालले. आधी मुरूम टोचला. मग शेतातली वाट लागली आणि तळव्यांखाली कोमट, पिठासारखी धूळ आली. खांदे आपोआप खाली उतरले. पुढच्या वळणावर मोहफुलांचा वास आला, गोड आणि जरासा आंबूस, आणि माझा जबडा सैल झाला. तो इतकी वर्षं आवळलेला होता हे तेव्हा कळलं. घरी आलीस, असं माझं अंगच मला सांगत होतं.

घराने मात्र तसं काही म्हटलं नाही. आई सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपराखाली, लसूण सोलत बसली होती. काचबिंदूने तिची नजर गेली आहे, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मी अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले तरी तिची बोटं लसणावरच. शेवटी "आई" म्हटलं तेव्हा दचकली.

"कोण, बाई? कवा आली?" म्हणाली, आणि लगेच घराच्या मागच्या बाजूला मान वळवून, "सूनबाई, बाई आली. पाय धुवाले पाणी दे तिले."

मागे कोणी आलं आहे हे मला ऐकूही आलं नव्हतं. खरंच वहिनी तिथे होती. तिने तांब्या भरून आणला. आमच्याकडे पाहुण्याच्या हातात पाणी देतात. घरचं माणूस स्वतःच रांजणाकडे जातं. मी पाय धुतले, वहिनीशी हसून बोलले, आणि तो तांब्या मला जो लागला तो लागलाच.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. तिला या घरात येऊन पंचवीस वर्षं झाली. माणूस वाईट नाही. वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. दोन दिवस मी नुसती बघत होते. ती गोठ्यातून निघाली की आईला कळायचं. विहिरीवरून आली की कळायचं, हंडा भरलेला आहे की रिकामा तेसुद्धा. "आज तिचा डावा पाय दुखून राह्यला," आई सकाळी म्हणायची, आणि संध्याकाळी वहिनी डावी टाच चोळत बसलेली दिसायची. मला मात्र दर वेळी "मी आहे गं" अशी वर्दी द्यावी लागायची. माझ्याच आईला, मी जिथे रांगले त्या घरात. मला तिचा मत्सर वाटायला लागला.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता वहिनी शेजारच्या चार बायकांबरोबर मोह वेचायला जंगलात निघाली. मीही टोपली घेतली. मनात एक बेत होता. परतताना तिच्या आधी घरी पोचायचं, अनवाणी, मनापासून चालत. आईने माझी पावलं ऐकावीत आणि न विचारता म्हणावं, माझी लेक आली. मला एवढंच हवं होतं.

बायका चालताना गप्प म्हणून नव्हत्या. मोठमोठ्याने बोलत होत्या, खाकरत होत्या, काठीने झाडांची खोडं बडवत होत्या. एकीने तर जेवणाचा डबा झाकणाने वाजवायला घेतला. त्या हे का करतात ते मला ठाऊक होतं. माणूस येतंय हे वाघाला लांबून कळलं की तो बाजूला होतो. लहानपणी मीही असाच गलका करत गेले आहे. पण तीस वर्षांत ते अंगातून उतरून गेलं होतं, आणि त्या सकाळी मला तो गोंगाट अडाणीपणाचा वाटला.

"बाई, मुक्यानं नोका चालू," वहिनी मागे वळून म्हणाली. "काई बी बोलत राहा."

"मला शांत चालायचंय," मी म्हटलं. ती पुढे वळली आणि काठीने जवळचं खोड बडवलं.

मोहाच्या झाडाखाली फुलं पडलेली होती, रसाळ, गार, तळव्याखाली आली की पिचकन फुटणारी. वहिनीची टोपली बघता बघता भरत आली. माझ्या टोपलीचा तळही झाकला नव्हता. ऊन वर आलं तशी मी टोपली झाडाला टेकवून ठेवली आणि कुणाला न सांगता निघाले. वाटेत सागाची वाळकी पानं पसरली होती. त्यांवरून मी एक पानही न वाजवता गेले. नाल्याची वाळू गार होती, पोटऱ्यांना बरं वाटलं. भीती वाटली नाही. माझ्याइतकं सुंदर त्या वाटेवर कोणी चाललं नसेल, असंच वाटत होतं.

अंगण ओलांडून मी सपरीची पायरी चढले आणि आईच्या शेजारी टेकले. ती काहीच म्हणाली नाही. मी वाट बघत राहिले. ती आपली गोधडीचा टाका चाचपत बसली होती. बऱ्याच वेळाने तिचे हात एकदम थांबले.

"सूनबाई पळून राह्यली," ती स्वतःशीच म्हणाली. "काऊन पळून राह्यली?"

मला काही ऐकू येत नव्हतं. मग आलं. वहिनी अंगणात शिरली, पदर खांद्यावरून घसरलेला, हातात टोपली नाही, टाचेतून रक्त. मागून बाकीच्या बायका आणि काठ्या घेतलेले गावातले दोघे. मला बघितलं आणि ती होती तिथेच मातीत बसली.

"तुमची टोपली तिथं, अन् तुमी नाई," ती धापा टाकत म्हणाली. "हाका मारून मारून गळा बसला, बाई. गवतात रगत शोधत होतो मी."

आई उठली. चाचपडताना तिचा हात माझ्या गुडघ्याला लागला. "कोण?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. वहिनीचा पाय मांडीवर घेऊन तिने काटा बोटांनी शोधला, काढला, हळद दाबली. मला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं सांगायचं तर लाजेच्या आधी दुसरंच काही मनात आलं. आईच्या मांडीवर तो पाय माझा असायला हवा होता.

ते माझ्या तोंडून निघालंच. "तिचं धावणं तुला नाल्यापासून ऐकू येतं. मी किती वेळ तुझ्या शेजारी बसले होते, आई."

आईने हळदीचा हात माझ्या आवाजाच्या दिशेने वळवला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही.

"तू बोलत नाई, तुया पाय वाजत नाई," ती म्हणाली. "मले दिसत नाई, बाई. तू आली का गेली, मले कसं समजन?"