ट्रम्पेट वगळून आफ्रिका

“हे ट्रम्पेट काढून टाक,” ब्रॅड म्हणाला. “आपण आफ्रिकेच्या पॉप म्युझिकची मुळं दाखवतोय. हे तर मिलिटरी बँडसारखं वाटतंय.”

वाटणारच. ते आलंच होतं तिथून.

जर्सी सिटीतल्या एका स्टुडिओत मी ऑडिओ रिस्टोरेशन करायचो. म्हणजे जुन्या रेकॉर्डची खरखर काढायची आणि गाणं शाबूत ठेवायचं. तेव्हा सीडी अजून विकल्या जायच्या. ब्रॅड आमचा क्लायंट, सीडी काढणारा. घानातली ही रेकॉर्ड त्याला तिथल्याच अबेनाबाईंनी दिली होती. ट्रम्पेट वाजवणारे त्यांचे वडील, आणि त्यांच्या वाजवण्याची एवढी एकच खूण उरली होती.

मी ब्रॅडला समजावलं. इंग्रजांच्या पलटणींनी तिकडे बँड नेले. तिथल्या लोकांनी कवायत सोडून दिली, वाद्यं ठेवून घेतली आणि आपल्या ठेक्यावर आपली गाणी वाजवली. खलाशांकडून गिटारही आली. त्यातून हायलाइफ नावाचं नाचाचं संगीत झालं.

“मूळ हेच आहे,” मी म्हणालो.

“मला ऑथेंटिक हवंय. ड्रम्स.”

आमच्या नागपुरात वरातीपुढे ट्रम्पेट वाजतं, म्हणून नवरदेवाला कुणी इंग्रज म्हणत नाही. पण ब्रॅड एकदा सफारीला जाऊन आला होता. त्याच्यापुढे काय बोलणार?

जुन्या रेकॉर्डवर सगळे आवाज एकाच खाचेत कोरलेले असतात. एक उपटून काढता येत नाही. तरी बॉस म्हणाला, “क्लायंट सांगतोय ना, कर.” मी ट्रम्पेटच्या पट्टीतला आवाज कापला. गायकाचा आवाजही त्याच पट्टीतला, तोही गेला. मागे नुसती थपथप राहिली.

अबेनाबाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

“यात माझे वडील कुठे आहेत?” त्यांनी विचारलं.

“आता एकदम प्युअर वाटतंय,” ब्रॅड म्हणाला.

बाईंनी रेकॉर्ड परत मागितली. मी ट्रम्पेटसकट साफ केलेली सीडीही त्यांच्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं.

मग ब्रॅडने ब्रुकलिनमध्ये भाड्याने ड्रमवाले आणून नवं रेकॉर्डिंग केलं आणि माझ्याकडे पाठवलं. “थोडी खरखर घाल यार. जुनं वाटलं पाहिजे.”

अबेनाबाईंच्या रेकॉर्डमधून काढलेली खरखर माझ्या कॉम्प्युटरवर होती. तीच घातली. त्या ट्रॅकमध्ये घाना आहे तो तेवढाच.

सीडीच्या ‘जुन्या’ आवाजाचं फार कौतुक झालं. तेव्हापासून कुणी मुळं शोधत आलं, की मी आधी विचारून घेतो, कोणती सापडलेली चालतील?